वॉशिंग्टनची तसबीर आणि रामदुलाल

कलकत्त्याच्या किल्ल्यावरून दक्षिणेकडे निघावे, आदिगंगेचा नाला ओलांडावा, की खिदिरपूर लागते. सरकारी नोकराच्या नशिबी बदली असतेच. तिच्या पाठोपाठ फिरत मी या वस्तीत येऊन पोहोचलो. बंदराच्या जुन्या गोद्या येथे आहेत. त्या खुल्या झाल्या १८९२ साली. परंतु त्यापूर्वी किती तरी वर्षे येथे मोठमोठी जहाजे बांधली जात असत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जेम्स आणि रॉबर्ट किड या दोघा भावांचा जहाजबांधणीचा कारखाना येथे होता. बाप इंग्रज सेनाधिकारी आणि आई हिंदी, असे हे भाऊ. मायकेल मधुसूदन दत्त यांचे लहानपणीचे घरही याच भागातले.

आमच्या शेजारी एक वृद्ध बाबू राहतात. मी महाराष्ट्रातला आहे हे कळले तेव्हा ते मिस्किलपणे हसले आणि नातवाला म्हणाले की, बघ, बर्गी आले! बर्गी म्हणजे आपले बारगीर. १७४२ पासून सुमारे दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर येत राहिल्या. त्या भीतीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला, आणि १७५१ साली नबाब अलिवर्दीखानाने ओरिसा व बारा लाखांची चौथाई देऊन सुटका करून घेतली. आपल्या बखरींत या मोहिमांचे वर्णन पराक्रम म्हणून येते. बंगालमध्ये त्यांची आठवण अंगाईगीतात उरली आहे. मूल निजत नसले की आई बर्ग्यांचे नाव घेते. परप्रांतात जाऊन राहिल्याशिवाय आपल्या इतिहासाची ही दुसरी बाजू आपल्या कानी पडत नाही.

आज ज्या तसबिरीविषयी बोलावयाचे आहे ती ज्याच्या घरी आली, त्या माणसाचा जन्मही याच धामधुमीतला. त्याचे नाव रामदुलाल दे. त्याचे वडील बलराम सरकार हे दमदमजवळच्या रेकजानी गावचे गरीब गृहस्थ. मराठी स्वारांच्या भयाने गाव पळाले, त्यात बलराम आणि त्याची गरोदर पत्नीही होती. आणि वाटेतच, उघड्या माळावर, १७५२ च्या सुमारास रामदुलाल जन्मला, अशी कथा गिरीशचंद्र घोष यांनी १८६८ साली दिलेल्या चरित्रपर व्याख्यानात सांगितली आहे. लहानपणीच आईबाप गेले. आजीने हाटखोल्याचे मोठे व्यापारी मदनमोहन दत्त यांच्या घरी स्वयंपाकीण म्हणून काम धरले आणि तिच्या आधाराने हा पोरका मुलगा वाढला. पुढे दत्तांच्याच पेढीवर दरमहा पाच रुपये पगारावर बिले वसूल करण्याचे काम त्याला मिळाले, आणि नंतर दहा रुपयांवर जहाजांवरील मालाची देखरेख.

त्याच्या भाग्योदयाची गोष्ट बंगालमध्ये घरोघर माहीत आहे. मालकाने त्याला चौदा हजार रुपये देऊन लिलावात काही माल घेण्यास पाठविले. तो पोहोचेपर्यंत तो माल विकला गेला होता. तेवढ्यात नदीच्या मुखाशी बुडालेल्या एका जहाजाचा लिलाव पुकारला गेला. ते जहाज रामदुलालने पाहिलेले होते. त्याची किंमत त्याला ठाऊक होती. मालकाला न विचारता त्याने ते मालकाच्या पैशाने घेतले, आणि थोड्याच वेळात एका इंग्रजाने ते त्याच्याकडून जवळजवळ एक लाख रुपयांस विकत घेतले. ती सगळी रक्कम त्याने मालकासमोर नेऊन ठेवली. आज्ञेबाहेर वागलो याची क्षमा मागितली. मदनमोहन दत्तांनी आपले चौदा हजार उचलले आणि बाकीचे त्यालाच दिले. या कथेत काळाच्या ओघात थोडी भर पडली असेल. पण ज्या गुणामुळे पुढे सातासमुद्रांपलीकडचे व्यापारी त्याच्यावर विसंबले, तो गुण या कथेने अचूक टिपला आहे.

हे व्यापारी अमेरिकन होते. १७८३ साली अमेरिकेचे स्वातंत्र्य इंग्लंडने मान्य केले. पण त्याबरोबर इंग्रजांच्या वेस्ट इंडीज बेटांतील जुना व्यापारही अमेरिकनांच्या हातून गेला. तेव्हा बोस्टन, सेलम, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथील कप्तानांनी पूर्वेची वाट धरली. १७८४ साली ‘युनायटेड स्टेट्स’ नावाचे त्यांचे जहाज पाँडिचेरीस लागले, आणि लौकरच त्यांची गलबते हुगळीत दिसू लागली. १७९२ साली अध्यक्ष वॉशिंग्टनने बेंजामिन जॉय याची कलकत्त्यास वकील म्हणून नेमणूक केली. कंपनी सरकारने त्याला वकिलाचा मान दिला नाही, केवळ व्यापारी मुनीम म्हणून राहू दिले. अमेरिकनांची येथे कोठी नव्हती, फौज नव्हती, ओळखपाळख नव्हती. चांदीचे डॉलर, मद्य, जहाजाचे सामान घेऊन यावे आणि सुती कापड, साखर, नीळ, सुंठ घेऊन परत जावे, हा त्यांचा क्रम. भाषा येत नाही, बाजारभाव कळत नाही, आणि मोसम चुकण्यापूर्वी जहाज भरून निघाले पाहिजे. अशा वेळी सारी भिस्त ‘बनियना’वर असे. बनियन म्हणजे अडत्या, सराफ, दुभाषी आणि जामीन, सर्व काही एकच माणूस. रामदुलाल हा अमेरिकनांचा मुख्य बनियन झाला. त्यांच्या एका जहाजाला त्याचे नाव दिले गेले, असेही सांगतात.

या विश्वासाची पोच म्हणून १८०१ साली अमेरिकन व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून रामदुलालला एक भेट पाठविली. ती होती जॉर्ज वॉशिंग्टनची माणसाएवढी, पूर्णाकृती तैलरंगातली तसबीर. वॉशिंग्टनला मरून तेव्हा पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. ही तसबीर रामदुलालच्या घराण्यात दीर्घकाळ राहिली. पुढे ती अमेरिकेस परत गेली आणि आता व्हर्जिनियातील वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठाच्या संग्रहात आहे. विल्यम विन्स्टॅनली नावाच्या, इंग्लंडातून अमेरिकेस गेलेल्या चित्रकाराने ती काढली असे मानले जाते. परंतु तिची मूळ कल्पना त्याची नव्हे. ती एका नामांकित चित्राची नक्कल आहे, आणि त्या मूळ चित्राची कुळकथा पाहिली म्हणजे अमेरिकन चित्रकला कोणत्या शाळेत शिकली हे ध्यानी येते.

मूळ चित्र गिल्बर्ट स्टुअर्टने १७९६ साली काढले. लॅन्सडाउनच्या मार्क्विसला भेट देण्यासाठी ते काढले गेले, म्हणून ते त्याच नावाने ओळखले जाते. ऱ्होड आयलंडमध्ये तपकिरीच्या गिरणीशेजारी जन्मलेला हा मुलगा वयाच्या विसाव्या वर्षी, १७७५ साली, लंडनला गेला. अमेरिकेचे युद्ध नुकतेच पेटले होते. तेथे त्याला आश्रय कोणी दिला? बेंजामिन वेस्टने. वेस्ट हा स्वतः पेनसिल्व्हेनियात जन्मलेला. १७६० मध्ये रोमला जाऊन प्राचीन शिल्पे आणि राफेलची चित्रे त्याने अभ्यासली, १७६३ मध्ये तो लंडनला स्थायिक झाला, राजा तिसऱ्या जॉर्जचा चित्रकार बनला आणि १७९२ मध्ये रॉयल अकादमीचा अध्यक्षही झाला. राजाविरुद्ध बंड पुकारलेल्या वसाहतींतली मुले राजाच्याच चित्रकाराच्या घरी रंग घोटायला शिकत होती! त्यांतल्या जॉन ट्रंबुलला तर १७८० साली लंडनमध्ये अटक झाली, आणि वेस्टने राजाकडे रदबदली केली. पील, स्टुअर्ट, ट्रंबुल, आणि पुढच्या पिढीतले सली व मोर्स हे सर्व वेस्टच्या हाताखालून गेले. हाच मोर्स पुढे तारायंत्राचा जनक म्हणून जगाला ठाऊक झाला.

या विद्यार्थ्यांनी युरोपकडून काय घेतले? रेनॉल्ड्स आणि गेन्सबरो यांच्याकडून कुंचल्याचा मोकळा फटकारा. त्वचेखालचे रक्त जाणवावे असा रंगांचा मेळ. आणि व्हॅन डाइकपासून चालत आलेली मोठेपणाची सारी सामग्री. म्हणजे पाठीमागे दगडी खांब, वर गुंडाळलेला मखमली पडदा, बाजूला कोरीव मेज आणि खुर्ची. ही सामग्री राजेरजवाड्यांसाठी आणि धर्मगुरूंसाठी निर्माण झाली होती. चौदाव्या लुईच्या दरबारचा चित्रकार रिगो याने बोस्युए नावाच्या बिशपचे चित्र काढले होते. त्यावरून १७२३ साली कोरलेला ठसा युरोपभर पसरला. स्टुअर्टने वॉशिंग्टनची ठेवण या ठशावरून घेतली, असे कलेचे इतिहासकार म्हणतात.

तरीही दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की फरक दिसू लागतो. बिशपच्या अंगावर झगझगीत वस्त्रांचा डोंगर आहे. वॉशिंग्टनच्या अंगावर साधा काळा मखमली पोशाख. मुकुट नाही, राजदंड नाही. डाव्या हातात तलवार आहे, पण म्यानात. उजवा हात सभेपुढे बोलणाऱ्या माणसासारखा पुढे केलेला. मेजाखाली जाड ग्रंथ ठेवले आहेत, त्यांत देशाच्या संविधानाचा आणि कायद्यांचा ग्रंथ आहे. आभाळात इंद्रधनुष्य आहे. जबडा मात्र ताठर दिसतो, कारण अध्यक्षांनी नुकतीच नवी कवळी बसविली होती, आणि चित्रकाराने ती अवघड अवस्था लपविली नाही. राजाची बैठक घ्यावी आणि तीवर एक नागरिक उभा करावा, हे या चित्राचे मर्म आहे. आणि जे चित्र सांगत नाही तेही आपण विसरू नये. या नागरिकाच्या माउंट व्हर्नन येथील मळ्यावर त्याच्या मृत्युसमयी तीनशेहून अधिक गुलाम राबत होते. तसबीर ही शेवटी तसबीरच. ती ज्याला आपण दिसावे असे वाटते तसे त्याला दाखविते.

स्टुअर्ट कर्जबाजारी होता. वॉशिंग्टनच्या चेहऱ्याच्या नकला तो स्वतःच करून विकी आणि त्यांना गमतीने ‘शंभर डॉलरच्या नोटा’ म्हणे. दुसऱ्या कोणी नकला केल्या की मात्र तो चिडे. जॉन स्वोर्ड्स नावाच्या एका कप्तानाने त्याच्याकडून वॉशिंग्टनचे चित्र घेतले, ते चीनमध्ये कँटनला नेले आणि तेथील कारागिरांकडून काचेवर त्याच्या शंभर प्रती काढविल्या. १८०२ साली स्टुअर्टने त्याच्यावर फिर्याद लावून त्या विक्रीस मनाई मिळविली. कलकत्त्याची तसबीर आणि कँटनच्या काचा एकाच सुमाराच्या. पॅरिसच्या ठशातील ठेवण फिलाडेल्फियात पोहोचावी आणि तेथून जहाजात बसून बंगालच्या उपसागरात यावी, इतकी त्या काळची चित्रे फिरती होती.

आता कलकत्त्याकडे वळू. रामदुलालच्या वेळी या शहरात युरोपियन तसबिरी काही नवीन नव्हत्या. झोफनी, हिकी, होम हे चित्रकार येथे येऊन गेले होते. त्यांच्या आणि त्यांच्या काळच्या पुष्कळ कृती व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये पाहावयास मिळतात. त्या बहुतेक गव्हर्नर, न्यायाधीश आणि सेनापती यांच्या. त्यांतही तोच खांब, तोच पडदा. पण येथे त्या पडद्याचा अर्थ निराळा होता. तो पाहणाऱ्याला सांगे की, आम्ही राज्य करतो आणि तुम्ही खाली उभे राहा. रामदुलालच्या दिवाणखान्यातील तसबीर त्याच घाटाची असूनही तिचा अर्थ तसा नव्हता. वॉशिंग्टनचे त्याच्यावर राज्य नव्हते. व्यवहारात बरोबरीने वागलेल्या माणसांनी बरोबरीच्या माणसाला पाठविलेली ती वस्तू होती. त्या काळच्या कलकत्त्यात एका हिंदी माणसाला गोऱ्या लोकांकडून असा मान मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

या चित्रकारांपैकी जॉर्ज चिनरीची हकीकत आपल्या विषयाशी विशेष जुळते. तो रॉयल अकादमीच्या शाळेत शिकला, १८०२ साली मद्रासेस आला, १८०७ मध्ये कलकत्त्यास. काही वर्षे ढाक्यास राहून तो परत आला आणि येथील सर्वांत मोठा तसबीरकार ठरला. मिळकत मोठी, खर्च त्याहून मोठा. शेवटी १८२५ साली सावकारांना चुकवून तो मकावला निघून गेला आणि १८५२ मध्ये तेथेच वारला. मकावमध्ये त्याच्यापुढे बसावयास कोण आले? अमेरिकन व्यापारी आणि त्यांचे आप्त. सेलम गावच्या हॅरिएट लो या तरुणीचे त्याने १८३३ साली काढलेले चित्र आज सेलमच्याच संग्रहालयात आहे. लाम क्वा नावाच्या चिनी चित्रकाराने चिनरीची पद्धत उचलली आणि परदेशी व्यापाऱ्यांच्या तसबिरी काढल्या. म्हणजे अमेरिकन चेहऱ्यांवर युरोपचा जो प्रकाश पडला, त्याचा एक झोत कलकत्त्याच्या वाटेने गेला होता.

तसबिरींचा हा प्रवास एकतर्फी नव्हता. सेलमच्या कप्तानांनी १७९९ मध्ये ईस्ट इंडिया मरीन सोसायटी स्थापन केली आणि पूर्वेकडच्या वस्तूंचे संग्रहालय उभारले. मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांनी आपला संपूर्ण पोशाख तेथे भेट पाठविला. १८०३ मध्ये तो पोहोचला आणि एका पुतळ्यावर चढविण्यात आला. पुढे दुर्गाप्रसाद घोष, राजकृष्ण मित्र अशा कलकत्त्याच्या बनियनांच्या मातीच्या माणसाएवढ्या मूर्ती तेथे गेल्या. रामदुलालच्या घरी वॉशिंग्टन उभा होता, तसे सेलमच्या दालनात धोतर नेसलेले बंगाली बाबू उभे होते.

परंतु या स्नेहाचा पाया व्यापार होता, हेही मान्य केले पाहिजे. न्यू इंग्लंडमध्ये सुताच्या गिरण्या निघाल्या. त्या काढणाऱ्यांत पूर्वी हिंदुस्थानचे कापड आणून श्रीमंत झालेलेच काही लोक होते. १८१६ साली अमेरिकेने जकात अशी बसविली की बंगालचे स्वस्त कापड तेथे विकणे परवडेना. रामदुलाल १८२५ मध्ये वारला. आशुतोष आणि प्रमथनाथ हे त्याचे मुलगे छातूबाबू व लाटूबाबू या नावांनी कलकत्त्याच्या दानधर्मात आणि संगीताच्या मैफलींत गाजले. जहाजे येत राहिली, १८३३ मध्ये तर बोस्टनहून बर्फ भरून आले. पण तसबीर पाठविण्याचे दिवस संपले होते.

हे सर्व ऐकताना मराठी माणसाला पुण्याची आठवण व्हावी. स्टुअर्ट अमेरिकेस परतला १७९३ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यास येऊन सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणीस यांचे चित्र काढीत होता. ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. महादजी शिंदे यांचेही चित्र त्याने काढले. रेसिडेंट मॅलेटच्या आश्रयाने पुण्यात चित्रकलेचे शिक्षण सुरू झाले, आणि गंगाराम तांबट हा आपला माणूस त्या पद्धतीत तयार होऊन वेरूळची चित्रे काढू लागला. मात्र १७९५ सालच्या अखेरीस पेशवे गेले आणि काही आठवड्यांतच वेल्सही गेला. वेस्टच्या घरी अमेरिकनांच्या तीन पिढ्या शिकल्या. आपल्याकडे ती परंपरा अंकुरताच खुडली गेली. तेथे शिकणाऱ्यांच्या हाती स्वतःचे राज्य आले होते आणि येथे ते हातचे जात होते. दोघांच्या बुद्धीत उणेअधिक नव्हते.

अमेरिकन चित्रकारांचे युरोपला जाणे मात्र थांबले नाही. लंडनची जागा पुढे म्यूनिक आणि पॅरिसने घेतली. टॉमस एकिन्स पॅरिसमध्ये जेरोमकडे शिकला, माद्रिदला वेलास्केझची चित्रे पाहून आला आणि १८७५ मध्ये फिलाडेल्फियाच्या शस्त्रवैद्याचे रक्ताळलेल्या हाताचे चित्र त्याने काढले. सार्जंट पॅरिसमध्ये कॅरोलस-ड्युरांकडे शिकला. व्हिसलरने आपल्या आईची जी तसबीर काढली, ती १८९१ साली खुद्द फ्रेंच सरकारने विकत घेतली. शंभर वर्षांपूर्वी उसनवारी करणारा आता देणेकरी राहिला नव्हता.

आपल्याकडेही दुसऱ्यांदा अंकुर फुटला. खिदिरपूरहून किल्ल्याकडे जाताना नदीकाठी प्रिन्सेप घाटाचे उंच खांब दिसतात. ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपचे ते स्मारक. त्याचा पुतण्या व्हॅल प्रिन्सेप १८३८ साली कलकत्त्यात जन्मला, लंडनला चित्रकार झाला आणि १८७७ च्या दिल्ली दरबाराचे चित्र काढण्यासाठी हिंदुस्थानात परत आला. त्याच्या सहवासात मुंबईच्या कलाशाळेतील पेस्तनजी बमनजी तैलरंगातील तसबिरी शिकले. हेच पेस्तनजी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यातही अग्रेसर होते. पुढे मुंबईच्या शाळेतून धुरंधर, हळदणकर यांच्यासारखे चित्रकार निघाले, आणि त्यांनी जे चेहरे रंगविले ते आपल्या घरांतले होते.

दुसऱ्याकडून शिकणे हा कमीपणा नव्हे. खिदिरपूरच्या मधुसूदन दत्तांनी मिल्टनचा निर्यमक छंद उचलला, पण त्यातून १८६१ साली बंगाली भाषेत मेघनादाचे काव्य लिहिले. स्टुअर्टने फ्रेंच बिशपची बैठक घेतली आणि तीवर संविधानाचा ग्रंथ ठेवला. उसनी चौकट कोणाची, हे थोड्या दिवसांनी लोक विसरतात. तिच्यात आपण कोणाला उभे केले आणि ती कोणाच्या घरी सन्मानाने पाठविली, हे मात्र राहते.

शेजारच्या बाबूंना मी एका संध्याकाळी ही सारी हकीकत सांगितली. छातूबाबू-लाटूबाबू त्यांना अर्थातच ठाऊक होते, वॉशिंग्टनची तसबीर ठाऊक नव्हती. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, तुमच्या बर्ग्यांनी त्या माउलीला माळावर बाळंत व्हायला लावले, ते आम्ही विसरणार नाही. पण ते पोर जगले आणि असे नावाला चढले, हे तुम्हीही गावी जाऊन सांगा. म्हणून आज हे सांगितले.